आजोबांबद्दल, जरा सविस्तर

प्रिय मित्रा,

आजोबा गेल्याचं कळताच तू फोन केलास, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि मी नुसतं 'हो, हो' करत राहिलो. 'नक्की कसे होते रे ते?' असं तू विचारलंस, ते मात्र डोक्यातून जाईना. म्हणून हे लांबलचक पत्र. सवडीने वाच.

तू त्यांना पाहिलंस ते त्यांनी ट्रक चालवणं सोडल्यानंतर. यांचा एकच गाल एवढा रापलेला कसा, असं तू मला हळूच विचारलं होतंस. तो खिडकीकडचा गाल. पुढे मला कळलं की 2012 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशाच एका माणसाचा फोटो छापून आला होता. 28 वर्षं मालाची गाडी चालवलेला माणूस, अर्धा चेहरा ठीकठाक आणि खिडकीकडचा अर्धा सुरकुत्यांनी भरलेला. काच ऊन अडवते असं आपल्याला वाटतं, पण कातडीत खोल शिरणारे किरण तिच्यातून आत येतातच. आजोबांना मी तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाले, "हा आपल्यातलाच."

ट्रक ड्रायव्हर म्हणजे कायम पळणारा माणूस, असा आपला समज असतो. आजोबांचं म्हणणं वेगळं होतं: अर्धी नोकरी स्टेअरिंगवर, अर्धी रांगेत. माल भरायला रांग, वजनकाट्याला रांग, कागदांवर सह्या व्हायला रांग आणि पोचल्यावर माल उतरवून घ्यायला माणूस जागेवर नाही. त्यात मधेच गाडी बिघडली तर सुटा भाग येईपर्यंत केबिनमध्येच मुक्काम. या सगळ्याने त्यांना एक गोष्ट अशी काही शिकवली की बस. वाट बघणं. मी इतका निवांत वाट बघणारा माणूस दुसरा पाहिला नाही. घड्याळ बघणं नाही, येरझाऱ्या नाहीत, 'किती वेळ लागेल' हा प्रश्न नाही. माझ्या परीक्षा, बहिणीचे क्लास, माझ्या मोडलेल्या हाताचं प्लॅस्टर, सगळीकडे बाहेर आजोबा बसलेले. आम्ही बाहेर आलो की उठायचे, पँट झटकायचे आणि म्हणायचे, "चला, गाडी मोकळी झाली." पेपर कसा गेला हे कधी विचारलं नाही. तोंड बघून त्यांना कळत असावं.

प्रेमाचे शब्द त्यांच्याकडे नव्हते, पण तपासणी होती. गाडी हलवण्याआधी तिला एक चक्कर मारायची ही जन्माची सवय. टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, प्रत्येक टायरवर ठोका द्यायचा. खणखणीत वाजला तर हवा बरोबर. थप्प असा मेलेला आवाज आला तर खाली उतरलेला. जोडटायरांच्या फटीत दगड अडकलाय का, तेही वाकून बघायचं, कारण वेगात तो सुटला तर मागच्याच्या काचेवर जातो. सायकल घेऊन मी निघालो की तिलाही तीच चक्कर. पुढचं चाक अंगठ्याने दाबायचं, मग मागचं, मग ब्रेक दोनदा. मला घाई असायची, त्यांना कधीच नसायची.

गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. पहिला धडा असा, की "पुढच्या गाडीचं ढुंगण बघत चालवू नकोस, तिच्याही पुढचं बघ." दुसरा, की ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्याच्या लेखी तू रस्त्यावर नाहीसच. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलास, निदान त्याच गिअरमध्ये उतर. उतारावर न्यूट्रल मारून डिझेल वाचवणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. सगळा भार ब्रेकवर आला की ड्रम तापतो, फुगतो, आणि मग पेडल तळाला टेकलं तरी गाडी धरत नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे मला शाळेतल्या सूत्राने नाही, त्यांच्या ओरडण्याने कळलं. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या सीटवर बसला की वेगळाच.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते. भेटायला येणारा प्रत्येक जण 'किती जीव होता नातवंडांवर' म्हणत होता आणि आई मान हलवत होती. रात्री सगळे गेल्यावर ती मला म्हणाली, "तुला आजोबा मिळाले. मला बाप मिळाला नाही." तिच्या लहानपणी अण्णा, म्हणजे आजोबा, घरी यायचे ते झोपायला. पहाटेच्या दोन-तीनला डोळा मिटायला लागतो, ती वेळ रस्त्यावर जागून काढलेला माणूस घरी आल्यावर दुसरं काय करणार? मुलांना ताकीद असायची, आवाज करू नका. बक्षीस समारंभ, आजारपणं, सगळीकडे त्यांची खुर्ची रिकामी. दारात गाडीचा आवाज आला की ती धावायची आणि गाडी दुसऱ्याच कुणाची तरी निघायची. आमच्यासाठी तासन् तास बाहेर बसून राहिलेल्या त्या माणसाने तिला मात्र वर्षानुवर्षं वाट बघायला लावली होती.

त्यांना हे कळत होतं का? मला वाटतं, पुरतं कळत होतं. आम्हाला शाळेत सोडायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. पण आईपाशी ते याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि हे मला त्यांचं पटत नाही. एवढा रस्ता कापलेल्या माणसाला घरातल्या घरात चार पावलं जड जावीत, हे नवलच. पैसा त्याच धावपळीतून आला, घर त्यावरच उभं राहिलं, हे आईही नाकारत नाही. तरी तिचा हिशेब तिच्यापाशी आहे आणि तो खोटा नाही.

शेवटचं आजारपण फार लांबलं नाही. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

तू पुढच्या महिन्यात येणार आहेसच, तर दोन दिवस राहायच्या तयारीने ये. आईजवळ निवांत बस. अण्णांचं कौतुक ऐकवणारे तिला खूप भेटले. तिची तक्रार ऐकून घेणारं माझ्याशिवाय कुणी नाही, आणि माझ्यासमोर ती हात राखून बोलते, कारण ते माझे आजोबा. तुझ्याशी मोकळं बोलेल. मधे त्यांची बाजू घेऊ नकोस, एवढंच.

तुझाच,
जुना शेजारी