मुहूर्ताआधी वेबसाइट तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की नव्या दुकानाबरोबर नवी वेबसाइटही मुहूर्तावर सुरू करण्याची हौस कोल्हापुरात वाढली आहे. मुहूर्त जरूर साधावा. पण आधीचे दोन दिवस तपासणीसाठी राखून ठेवावेत, ही विनंती.

काम चालू असताना अर्धवट साइट गुगलवर दिसू नये म्हणून ती मुद्दाम अडवलेली असते. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रीडिंग’ पानावर त्यासाठी एक टिक असते. तिच्यामुळे प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान निकालात दाखवू नका’, अशी सूचना जाते. काम संपल्यावर ती टिक काढायचीच राहते आणि महिना उलटला तरी गुगलवर दुकानाचे नाव दिसत नाही. दुसरी जागा ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ (robots.txt) फाइलची. साइटचा कोणता भाग वाचू नये, हे ती गुगलसारख्या सर्च इंजिनांना सांगते. वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन हे नाव टाइप केले की ती कोणालाही वाचता येते. सगळ्या सर्च इंजिनांसाठी ‘डिसअलाउ’ (Disallow, मनाई) या शब्दापुढे नुसती तिरकी रेघ असेल, तर अख्ख्या साइटवर मज्जाव आहे. मात्र एखादे पान निकालात नको असेल तर ते या फाइलने अडवू नये. तिथे अडवले की त्या पानावरची ‘नोइंडेक्स’ सूचना गुगलला वाचताच येत नाही.

मराठी मजकुराची खोड वेगळीच. छपाईच्या जुन्या फॉन्टमधून उचललेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना व फोनना कळणाऱ्या अक्षर-पद्धतीत नसतो. पडद्यावर ‘गूळ’ दिसतो, पण आत रोमन अक्षरांची गिचमिड असते. शोधणाऱ्याला तो सापडणार कसा? पानावरचा एक शब्द कॉपी करून मोबाइलच्या मेसेजमध्ये पेस्ट करावा. मराठीच उमटला तर ठीक. पत्ता, वेळा, दरपत्रक फोटोत न ठेवता मजकूर म्हणून लिहावेत. प्रत्येक पानाला वेगळे शीर्षक हवे. ‘होम’ नको, ‘गूळ विक्री, शाहूपुरी, कोल्हापूर’ असे हवे.

गुगल साइटची मोबाइल आवृत्ती वाचते, म्हणून वायफाय बंद करून साध्या स्मार्टफोनवर पाहावे. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसायला हवा. फोनने काढलेले चार-पाच एमबीचे फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचे करून दोनशे केबीच्या आत आणावेत. चौकशीचा फॉर्म स्वतः भरून ई-मेल येतो का बघावे, स्पॅममध्येसुद्धा.

एवढे झाल्यावरच सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सेवेत साइटमॅप, म्हणजे साइटच्या पानांच्या पत्त्यांची यादी द्यावी. एका फाइलची मर्यादा ५०,००० पत्त्यांची, त्यामुळे दुकानाला एकच पुरते. फक्त तीत चाचणीच्या साइटचे पत्ते राहिलेले नाहीत ना, हे पाहावे. बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनाच्या ‘वेबमास्टर टूल्स’मध्ये सर्च कन्सोलमधूनच साइट आयात करता येते. दोन्ही फुकट आहे, तेव्हा ‘शेकडो सर्च इंजिनांत नोंदणी’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. आणि डोमेन (वेबसाइटचे नाव) व सर्च कन्सोल मालकाच्या स्वतःच्या ई-मेलवरच घ्यावेत. नाहीतर साइट बनवणारा बदलला की चाव्या जुन्याकडेच राहतात.

आपले,
वेबसाइट बांधणीच्या व्यवसायातील काही वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर