लहान मुलांना लहान चेंडू द्या

पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की कोल्हापूरचे शाहू स्टेडियम भरून जाते. याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तरीही प्राथमिक शाळांतले फुटबॉल प्रशिक्षण बहुधा स्पर्धेच्या तोंडावरच आठवते. दुसरी-तिसरीच्या मुलांना मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू देऊन पूर्ण मैदानावर पळवले जाते. दोन-तीन दांडगी मुले खेळतात, बाकीची नुसती उभी असतात.

या वयाला तीन किंवा चार नंबरचा लहान चेंडू आणि छोट्या मैदानावर चार-पाच जणांचे संघ हवेत. तसे केले की प्रत्येकाच्या पायाला वारंवार चेंडू लागतो. ड्रिब्लिंग (चेंडू पायाशी ठेवून पुढे नेणे), पासिंग (तो सोबत्याकडे देणे) त्यातूनच येते. मुलींनाही पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावे, नंतर वेगळा संघ काढू म्हणून थांबू नये. निवड चाचणी तर या वयात नकोच.

तालमींकडे अनुभवी खेळाडूंची कमतरता नाही. महापालिकेने त्यांना मुलांच्या प्रशिक्षणाचे शिक्षण द्यावे आणि योग्य मानधनावर आठवड्यातून दोन दिवस शाळांत पाठवावे. येत्या जूनपासूनच हे सुरू व्हावे.

— एक पालक, कोल्हापूर