जाण्याचे तास वेगळे, येण्याचे वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘मुंबई ते न्यूअर्क : साडेबारा हजार किलोमीटर, 14 तास’ अशी चौकट वाचली. अंतर पृथ्वीगोलावर मोजलेलं म्हणून बरोबर आहे. तासांबद्दल मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत, न्यूअर्कजवळच्या एडिसनला निघालो. यांना मधुमेह, इन्सुलिन चालू. एका संकेतस्थळावर 14 तास दिले होते. त्या हिशोबाने मी थालीपिठं, खजूर, इंजेक्शनच्या वेळा, सगळं वहीत मांडून ठेवलं. विमान रात्री दीडला सुटलं. चौदा तास उलटले तरी समोरच्या पडद्यावर आम्ही कॅनडावरच होतो. डबा संपलेला. साखर उतरून यांचे हात थरथरायला लागले, कपाळावरून घामाच्या धारा. हवाईसुंदरीने धावत संत्र्याचा रस आणून दिला म्हणून निभावलं. उतरलो तेव्हा पावणेसोळा तास झाले होते. तिथल्या घड्याळात सकाळचे पावणेसात. साडेदहा तासांचा फरक माहीत नसलेल्याने नुसतं तिकीट वाचलं तर प्रवास सवापाच तासांचाच वाटेल!

साडेबारा हजाराला ताशी नऊशेने भागलं की 14 येतात, इतकाच तो हिशोब. पण विमान उडतं त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. अमेरिकेला जाताना ते अंगावर येतात, परतताना पाठीशी असतात. परतीला आम्हाला साडेचौदा तास लागले.

अंतराचंही तेच. मी 32 वर्षं भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूअर्कपर्यंत सुतळी ताणली की ती अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, नॉर्वेवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून जाते. मुलांना सपाट नकाशावर हे कधीच पटायचं नाही. साडेबारा हजार ही त्या सुतळीची लांबी, विमानाच्या वाटेची नव्हे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून लांबच्या वाटेने अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं. दिल्ली जागची हलली नव्हती, अमेरिकाही नाही.

तेव्हा जाण्याचे आणि येण्याचे तास वेगवेगळे द्या, वेळापत्रकातले द्या. आणि घरापासून घरापर्यंत किती वेळ धरावा तेही लिहा. साताऱ्यात दुपारी तीनला आम्ही कुलूप लावलं, त्यानंतर 28 तासांनी लेकीच्या घरात पाऊल टाकलं. मधुमेहाच्या माणसाला हे आधी कळलेलं बरं.

आमच्या शेजारच्या काकू मे महिन्यात पहिल्यांदाच एकट्या निघाल्या आहेत, त्यांनाही साखर आहे. तुमची चौकट कापून त्यांनी पर्समध्ये ठेवली आहे. दुरुस्त चौकट कृपया त्याआधी छापावी.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा