गड्ड्याच्या ड्यूट्या लावणाऱ्या आमच्या इन्चार्ज सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आठवड्याचं रोस्टर, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, तुम्ही ज्या विचाराने लावलंत, त्याबद्दल वॉर्डातल्या आम्हा सगळ्या स्टाफकडून मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण सोलापुरातल्या इतर वॉर्डांनाही यातलं काही घेता येईल. सणात सिस्टर थकणारच, असं सगळे धरून चालतात. तुम्ही तसं धरलं नाहीत.

सर्वांत मोलाचा ठरला तो ड्यूट्यांचा क्रम. आधी मॉर्निंग, मग इव्हनिंग, मग नाईट आणि मग ऑफ. झोप पुढे ढकलणं शरीराला जमतं, मागे ओढणं जड जातं. नाईट सुटल्यावर त्याच दिवशी दुपारी २ ची इव्हनिंग द्यायची नाही, हा नियम माणसं कमी असतानाही तुम्ही मोडला नाहीत. सकाळी ८ नंतर ओव्हर देऊन, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरकडे सोपवून, घरी पोचून, आंघोळ उरकून हातात झोपेचे जेमतेम ३ तास उरतात. सलग नाईट तीनच आणि पुढे दोन ऑफ, हेही तसंच. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा ०.०३ ची आहे, आणि सिस्टरच्या हातात तर सिरिंज असते.

यात्रेतल्या नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत रस्ते बंद होतात, रिलीव्हर (पुढच्या ड्यूटीच्या सिस्टर) अडकतात आणि आधीच बारा तास उभी असलेली सिस्टर आणखी तासभर अडकते. तुम्ही त्या दिवसांत सगळ्यांनाच अर्धा तास आधी बोलावलंत आणि तेवढंच आधी सोडलंत. एवढ्याने ओव्हरची घाई गेली. ओव्हर घाईत झाला की आधी सुटतात ते अ‍ॅलर्जी, शेवटच्या डोसची वेळ आणि बाकी असलेले रिपोर्ट.

पहाटे ३ ते ५ ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ, आणि नेमकी त्यालाच लागून सकाळचे रक्ताचे नमुने, सहाची इंजेक्शनं, इन्सुलिन. म्हणून ड्रिपचे हिशोब डोकं ताजं असताना, रात्री ११ च्या आत करून बाटलीवर लिहून ठेवायची सवय तुम्ही लावलीत. ५०० मिली ४ तासांत, मिलीला २० थेंब सोडणाऱ्या सेटने (ड्रिपच्या नळीने) मिनिटाला ४२ थेंब. सेट १५ थेंबांचा निघाला तर ३१. औषध मात्र आधी भरून ठेवायचं नाही, ते वेळेवरच.

इन्सुलिनचं तर विशेष सांगायला हवं. मिलीला ४० युनिटची व्हायल (औषधाची बाटली) आणि मिलीला १०० युनिटची सिरिंज एकत्र आली, की २० च्या खुणेपर्यंत भरूनही पेशंटला मिळतात फक्त ८ युनिट. उलटं झालं तर अडीचपट जातं आणि साखर धोकादायक खाली येते. लाल टोपणाची सिरिंज ४० ला, केशरी १०० ला, दोन्ही वेगवेगळ्या ट्रेमध्ये. पहाटे इन्सुलिन, हेपरिन (रक्त पातळ करणारं औषध) आणि पोटॅशियम क्लोराइड (चुकून जास्त गेलं तर हृदय थांबवू शकणारं) दुसऱ्या सिस्टरने स्वतः वाचून तपासल्याशिवाय द्यायचं नाही, आणि पोटॅशियमचे अँप्यूल वॉर्डाच्या ट्रॉलीवर ठेवायचेच नाहीत. जागेपणी हे फार वाटतं, पहाटे ४ ला ते कमीच पडतं.

नाईटला जोडीत आळीपाळीने २० मिनिटं आडवं व्हायची मुभाही तुमचीच. त्याहून जास्त झोपलं की गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड राहतं. म्हणून उठल्यावर पहिली १५ मिनिटं औषधं नाहीत, राऊंड आणि बीपी चालेल. चहा आडवं होण्याआधी घ्यायचा, तो अर्ध्या तासाने चढतो. शेवटचा कप रात्री २ पर्यंत, नाहीतर घरी गेल्यावर डोळा लागत नाही. जेवण ड्यूटीच्या आधी. रात्री दही-भाकरीसारखं हलकं. गड्ड्यावरची भजी कुणी प्रेमाने आणली तरी ती सकाळसाठी.

परतताना गॉगल घालायचा आणि खिडकीला जाड सोलापुरी चादर लावून झोपायचं, कारण उजेड दिसला की शरीर दिवस सुरू झाला असं धरतं. डोळे मिटत असतील तर स्कूटी हॉस्पिटलातच ठेवून रिक्षाने जायचं, हे तुम्ही प्रत्येकीला बजावलंत.

एक विनंती आहे. यात्रेचं रोस्टर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागलं होतं, त्यामुळे संक्रांतीला कुणाला घरी राहता येईल ते आपसांत ठरवता आलं. दिवाळीचंही तितक्याच आधी लावाल का? तुमच्या रोस्टरच्या वहीची प्रत शेजारच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरनीही मागितली आहे.

आपल्या,
वॉर्डातल्या सर्व स्टाफ नर्सेस
सोलापूर