रविवारची बैठक: पेपरात आपली बातमी कशी द्यायची

सर्व ताई-भाऊंना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या हॉलवर जमायचं आहे. विषय एकच, पत्रकाराला आपलं काम कसं सांगायचं.

मागच्या वर्षी मी एका दैनिकाला बिबड्यांवर, म्हणजे आपल्या ज्वारीच्या पापडांवर, चार पानी प्रेसनोट दिली होती. 'दर्जेदार', 'सुप्रसिद्ध', एक विशेषण सोडलं नव्हतं. छापून एक ओळ आली नाही! कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या दोन ओळींत यावं लागतं. "आमचे बिबडे उत्तम" ही जाहिरात झाली, तिचे पैसे पडतात. "गल्लीतल्या बारा जणी पहाटे चारला ज्वारीचा घाटा चुलीवर चढवतात", ही बातमी.

हंगामही बघा. भरिताचं हिवाळ्यात, बिबडे-कुरडयांचं उन्हाळ्यात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (ठरावीक भागातल्या खास मालाचं भौगोलिक) मानांकन मिळालंय, पण आपला माल त्यात बसत असेल तरच लिहा, उगाच चिकटवू नका. आणि संध्याकाळी पेपरची पानं लागायच्या घाईत वार्ताहराला फोन नको.

येताना आपल्या कामावर शंभर शब्द लिहून आणा. सोबत एक मूळ फोटो, काम करतानाचा. ग्रुपवर फिरून धूसर झालेला किंवा शाल-श्रीफळाचा नको. रेडिओवर बोलायचा सरावही घेऊ, अहिराणीत बोललात तर उत्तमच.

येणाऱ्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत इथे नाव टाका, चहाचं दूध सांगायचंय.