लाल शाई आणि युनिटची गोष्ट

नाशिक, रविवार दुपार

प्रिय सुधीर,

तुझं पत्र आणि प्रतिजैविकांवरचा लेख, दोन्ही मिळालं. लेखापेक्षा पत्रातली शेवटची ओळच जास्त लागली: 'मराठीत विज्ञान लिहिणारा माणूस एकटाच असतो.' अरे, मलाही असंच वाटायचं.

माझा पहिला लेख वीजबिलावर होता. युनिट हे शक्तीचं एकक, असं मी ठोकून दिलं होतं. एका निवृत्त प्राध्यापकांना वाचायला दिला, तर समासात लाल शाईत उत्तर आलं: 'शक्ती वॉटमध्ये. १००० वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट, म्हणजे ती ऊर्जा.' बी.एस्सी.ला मी हेच शिकलो होतो, पण इंग्रजीत! मराठीत लिहिताना बल, ऊर्जा, शक्ती यांचा पार काला झाला होता. तेव्हापासून शासनाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश हाताशी ठेवतो. कोशातले काही शब्द दाताखाली खडा यावा तसे लागतात, ते मी सरळ टाळतो. पण आधी बघतो, मग टाळतो.

आणि मुंबईला गेलास की चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषदेत एकदा जाऊनच ये. १९६६ पासून चाललंय हे काम. त्यांची पत्रिका दरमहा निघते, विज्ञानकथांची स्पर्धाही असते. १९७४ मध्ये त्या स्पर्धेला कुणा 'नारायण विनायक जगताप' यांची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली ठरली. आद्याक्षरं उलटी वाच: ज. वि. ना. जयंत विष्णू नारळीकर! तेव्हा ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, नाव जगभर झालेलं. तरी कथा पाठवली ती नाव लपवून, नवख्यासारखी. मला त्या बक्षिसापेक्षा हे जास्त आवडतं.

पैशाचं विचारलंस. मानधनात फार तर पेट्रोल सुटतं. नोकरी सोडू नकोस.

आता तुझा लेख. परत पाठवतोय, पेन्सिलीने रंगवून. तू सगळीकडे 'जंतू' लिहिलंयस. कुठे जीवाणू, कुठे विषाणू, ते वाचणाऱ्याने कसं ओळखायचं? प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत, आणि सर्दीला गोळ्या घेणाऱ्यांना नेमकं हेच तर सांगायचंय तुला. तिसरा परिच्छेद मात्र झकास, त्याला हात लावू नकोस.

सोबत माझा भूजलावरचा कच्चा मसुदा आहे. लाल शाई वापरलीस तरी चालेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश