मॅजिक किंगडम हॅलोविन पार्टी : निघण्याआधी वाचा

सभासदहो, अमेरिकेत ऑरलँडोच्या मॅजिक किंगडम या डिस्नीच्या थीम पार्कमधल्या या पार्टीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. दिवसाच्या तिकिटावर थांबता येत नाही. पार्टी संध्याकाळी ७ ते रात्री १२, पण पार्टीच्या तिकिटावर ४ पासून आत सोडतात. गाडी लावून मोनोरेल किंवा फेरीबोटीनं फाटकापर्यंत पोचायला पाऊण तास हाताशी ठेवा.

१४ वर्षं आणि त्यावरच्यांना मुखवटा चालत नाही, जमिनीवर लोळणारा झगाही नाही. मोठी माणसं नेमकी इथेच अडतात. मुलांचा झगा घोट्याच्या वरच शिवा, पावसात ओली झालेली किनार पायात येते.

ॲलर्जी असेल तर गोळ्या-चॉकलेटं घेण्याआधी सांगा, वेगळा खाऊ मिळतो. मिरवणूक दोनदा निघते. मुलं जागी राहत असतील तर दुसरीच पाहा, गर्दी बरीच कमी असते.